संगणकाचीही परीक्षा घ्या, पण नकाशा हातात घेऊन

रेशनचे धान्य, मुलीची शिष्यवृत्ती, मुलाच्या परीक्षेचा निकाल, म्हाताऱ्या आईचे अनुदान, एस.टी.चे आरक्षण. आपल्या घरातली यांपैकी कोणती गोष्ट आज संगणकाच्या हातून जात नाही? पूर्वी खिडकीपलीकडे कारकून बसायचा. तो चुकला तर त्याच्याशी वाद घालता येत होता, त्याच्या वरच्या साहेबाकडे जाता येत होते. आज खिडकीपलीकडचा माणूसच हात वर करून सांगतो, "मी काय करू? मशीन घेत नाही."

मशीन घेत नाही म्हणजे नेमके काय होते? मशीनला राग-लोभ नसतो, मर्जी नसते. कोणीतरी माणसाने त्याला आज्ञा लिहून दिलेल्या असतात. या आज्ञांच्या मालिकेला मराठीत आज्ञावली म्हणतात आणि बाजारात सॉफ्टवेअर म्हणतात. आज्ञा लिहिणाऱ्याला जे प्रसंग सुचले, त्यांची उत्तरे मशीनकडे असतात. जो प्रसंग त्याला सुचलाच नाही, तिथे मशीन अडते किंवा चुकीचे उत्तर देते. आणि तो न सुचलेला प्रसंग बहुधा गरिबाच्या घरचा असतो, हे आपण अनुभवाने जाणतो.

म्हणूनच आज्ञावली लोकांच्या हाती देण्याआधी तिची कसून परीक्षा घ्यावी लागते. ही परीक्षा घेण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्या शास्त्रात एक फार उपयोगी पद्धत आहे. इंग्रजीत तिला 'मॉडेल बेस्ड टेस्टिंग' म्हणतात. आम्ही तिला 'आराखड्यावरून चाचणी' म्हणू. ही पद्धत काय आहे, तिचा फायदा काय आणि आपल्या मुलामुलींनी ती का शिकावी, हे आज समजून घेऊ.

आधी नमुना, मग बांधकाम

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सुरू केलेल्या एका छोट्या विभागातून ही संस्था वाढली. तिथे धरणांचे आणि बंदरांचे लहान आकाराचे नमुने बांधतात. न्हावा-शेवा बंदराचाही अभ्यास या संस्थेने केला आहे. नमुन्यात पाणी सोडायचे, यंत्राने लाटा उठवायच्या आणि धक्का कुठे मार खातो, गाळ कुठे साचतो ते पाहायचे. कोट्यवधी रुपयांचा दगड समुद्रात टाकण्याआधी चूक नमुन्यातच सापडली तर ती खडू पुसण्याइतकी स्वस्त पडते.

आज्ञावलीचा असा सिमेंटचा नमुना करता येत नाही, कारण आज्ञावली हाताला लागत नाही. पण तिने कधी कसे वागावे याचा नकाशा कागदावर नक्की काढता येतो. या नकाशालाच इथे मॉडेल म्हणतात.

रत्नागिरी ते मालगुंड

केशवसुतांचे जन्मगाव म्हणून आमचे मालगुंड महाराष्ट्राला ठाऊक आहे. रत्नागिरीहून मालगुंडला यायला मुख्यतः दोन वाटा. एक काळबादेवी, आरे, वारे, नेवरे अशी समुद्राच्या कडेने गणपतीपुळ्यावरून येते. दुसरी हातखंबा, निवळी, जाकादेवी अशी आतून येते. समजा, एखाद्या अधिकाऱ्याला रस्त्यांची तपासणी करायची आहे. तो किनाऱ्याने आला, किनाऱ्यानेच परत गेला आणि 'रस्ता उत्तम' असा शेरा मारला. आतल्या वाटेवरची मोरी खचलेली असली तर त्याला ती कशी कळणार? त्याने खोटे लिहिले नाही. पण ज्या वाटेने तो गेलाच नाही, तिची परीक्षाही झाली नाही.

साध्या पद्धतीच्या चाचणीत असेच घडते. तपासणारा बसतो, त्याला सुचतील तेवढे प्रसंग वहीत लिहितो, एकेक करून पाहतो आणि बरोबरची खूण करतो. माणूस हुशार असला तरी तो रोजच्या वाटेनेच जातो. अंगठा लावला, धान्य मिळाले, पावती निघाली. झाले, मशीन पास!

आराखड्यावरून चाचणी करणारा आधी नकाशा काढतो. त्यात कोणकोणती ठिकाणे आहेत आणि एका ठिकाणाहून दुसऱ्याकडे कोणकोणत्या वाटा जातात, ते सगळे मांडतो. मग तो नकाशा संगणकालाच देतो आणि सांगतो, "एकही वाट न सोडता फिरून ये आणि कुठे अडलास ते मला सांग."

रेशन दुकानाचा नकाशा

आपल्या सर्वांच्या माहितीचे उदाहरण घेऊ. रेशन दुकानातल्या मशीनपुढे एक आजी उभी आहे असे समजू. घरात पाच माणसे. कार्ड प्राधान्य कुटुंबाचे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी पाच किलो, म्हणजे महिन्याला पंचवीस किलो धान्य. दुकानदार म्हणतो, "आजी, अंगठा ठेवा."

इथून नकाशा सुरू करू. पहिले ठिकाण: कार्ड क्रमांक घातला. इथून दोन वाटा, कार्ड सापडले किंवा सापडले नाही. सापडले तर दुसरे ठिकाण: घरातल्या कोणाचा अंगठा? तिसरे ठिकाण: अंगठा ठेवला. इथून पुन्हा दोन वाटा, जुळला किंवा जुळला नाही. ज्या बाईने आयुष्यभर भात लावणी केली, काजूच्या बिया फोडल्या, भांडी घासली, तिच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या असतात. तेव्हा 'जुळला नाही' ही काही क्वचित लागणारी आडवाट नव्हे, ती नेहमीची वाट आहे. मग पुढे काय? दुसरे बोट? मोबाईलवर येणारा आकडा? आणि मोबाईल मुंबईला मुलाकडे असेल तर?

अजून पुढे जाऊ. अंगठा जुळला, धान्य दिल्याची नोंद झाली आणि त्याच क्षणी रेंज गेली. कोकणात पावसाळ्यात हे काही नवलाचे नाही. पावती निघाली नाही. दहा मिनिटांनी रेंज आली. आता मशीन काय म्हणेल? 'या कार्डावरचे धान्य उचलले आहे' असे म्हणून आजीला रिकाम्या पिशवीने परत पाठवील, की दुसऱ्यांदा नोंद करून दुकानदाराच्या साठ्यातून पंचवीस किलो जास्त वजा करील? की अर्धवट राहिलेला व्यवहार ओळखून तिथूनच पुढे नेईल? यातले तिसरेच उत्तर बरोबर आहे. पण ते आपोआप घडत नाही. कोणीतरी आधी विचार करून लिहावे लागते आणि दुसऱ्या कोणीतरी ते तपासावे लागते.

आता कोकणातल्या घराघरातला प्रसंग घ्या. अर्धे घर गावी, अर्धे मुंबईत. ऑगस्ट २०१९ मध्ये 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेची सुरुवात ज्या मोजक्या राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र होता. या योजनेत कामानिमित्त बाहेर असलेला माणूस आपल्या वाट्याचे धान्य तिथल्या दुकानातून घेऊ शकतो आणि उरलेले घरची माणसे गावात घेऊ शकतात. मुलाने दोन तारखेला मुंबईत पाच किलो उचलले. तीन तारखेला आजी मालगुंडात आली. तिला वीस किलो मिळाले पाहिजेत. पंचवीसही नाही आणि शून्य तर मुळीच नाही. दोघांनी एकाच मिनिटाला दोन ठिकाणी अंगठा ठेवला तर? हीसुद्धा एक वाट आहे. नकाशावर ती दिसली, तरच तिची परीक्षा होईल.

एवढ्या साध्या व्यवहारात किती वाटा निघतात ते पाहा. प्रत्येक ठिकाणी दोनच फाटे धरले आणि अशी दहा ठिकाणे ओलांडायची असतील, तर एकूण मार्ग होतात १,०२४. हे सगळे वहीत हाताने लिहून काढणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण दहा ठिकाणांचा नकाशा एका पानावर मावतो, आणि त्यावरून मार्ग मोजून काढणे संगणकाला क्षणाचे काम आहे.

टपालवाल्याचे गणित

इथे एक गमतीदार गोष्ट सांगतो. गावच्या टपालवाल्याला रोज सगळ्या वाड्यांवर जायचे असते. एकही गल्ली सुटता कामा नये, पण तीच वाट उगाच दोनदा तुडवावी लागू नये आणि शेवटी पोस्टात परत यायचे. सर्वांत कमी चालण्याचा मार्ग कोणता? १९६० साली ग्वान मेइगू या चिनी गणितज्ञाने हा प्रश्न मांडला. म्हणून जगभर त्याला 'चिनी टपालवाल्याचे कोडे' म्हणतात. त्याची मुळे त्याहून जुनी आहेत. १७३६ साली ऑयलर या थोर गणितज्ञाने एका शहरातल्या सात पुलांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का, असा तो प्रश्न होता आणि त्याने 'येणार नाहीत' हे सिद्ध केले.

टपालवाल्याचे हेच गणित आज आज्ञावलीच्या चाचणीत वापरतात. गल्लीच्या जागी नकाशावरची वाट आणि टपालवाल्याच्या जागी संगणक. कमीत कमी फेऱ्यांत प्रत्येक वाट निदान एकदा तरी तुडवली जाईल, असा मार्ग संगणक स्वतः काढतो. शाळेत "या गणिताचा उपयोग काय?" असे मुले विचारतात, त्यांना हे जरूर सांगावे.

सातशे वीस विद्यार्थी

दुसरे उदाहरण शिष्यवृत्तीच्या अर्जाचे घेऊ. अर्जात पुष्कळ रकाने असतात. आपण सहाच धरू. प्रवर्ग पाच प्रकारचे. शिक्षणाचे वर्ष चार प्रकारचे. राहणे घरी किंवा वसतिगृहात, असे दोन. उत्पन्न मर्यादेच्या आत, बरोबर मर्यादेवर किंवा मर्यादेबाहेर, असे तीन. बँक खाते आधारला जोडलेले, न जोडलेले किंवा बंद पडलेले, असे तीन. आणि दाखल्यावरचे नाव जुळते किंवा जुळत नाही, असे दोन. यांचा गुणाकार केला तर ७२० प्रकारचे विद्यार्थी होतात!

प्रत्येक प्रकार तपासणे परवडत नसेल तर शास्त्राने एक मधली वाट काढली आहे. कोणत्याही दोन रकान्यांची प्रत्येक जोडी निदान एकदा तरी तपासली जाईल अशा बेताने अर्ज निवडायचे. असे निवडले तर वीस-पंचवीस अर्जांत काम होते. अमेरिकेच्या मानक संस्थेतील संशोधकांनी अनेक आज्ञावल्यांतील दोष तपासले, तेव्हा बहुतेक दोष एखादी किंवा फार तर दोन गोष्टी एकत्र आल्यावरच उघडे पडतात असे त्यांना दिसले. म्हणून ही जोडीची युक्ती उपयोगी ठरते. मात्र पैसा आणि हक्क यांच्या कामात जोडीवर न थांबता अधिक खोल जावे लागते.

'बरोबर मर्यादेवर' हा प्रकार आम्ही मुद्दाम वेगळा धरला. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. दाखल्यावर बरोबर २,५०,००० लिहिले असेल तर अर्ज आत की बाहेर? आज्ञा लिहिणाऱ्याने 'पेक्षा कमी' आणि 'पर्यंत' यांत गल्लत केली की एका रुपयाने मुलीचे वर्ष जाते. दोष असे उंबरठ्यावरच बसलेले असतात.

फायदे कोणते?

पहिला फायदा असा की नकाशा काढतानाच प्रश्न उभे राहतात. 'अंगठा तीनदा जुळला नाही तर काय?' याचे उत्तर नियमात लिहिलेलेच नाही, हे आज्ञावली लिहायच्या आधी कळते. घराच्या नकाशात दार सरकवायला खोडरबर पुरते, भिंत उभी राहिल्यावर पहार लागते.

दुसरा फायदा, कोणती वाट तपासली आणि कोणती राहिली याचा हिशेब मिळतो. 'आम्ही भरपूर तपासले' असे मोघम उत्तर द्यावे लागत नाही.

तिसरा फायदा बदलाच्या वेळी कळतो. सरकारी नियम दर वर्षी बदलतात. वहीत हाताने लिहिलेले पाचशे प्रसंग पुन्हा तपासून दुरुस्त करायला महिने लागतात. आराखड्यात मात्र बदललेली तेवढी वाट दुरुस्त केली की नवे प्रसंग संगणक पुन्हा तयार करून देतो.

चौथा फायदा, आराखडा चित्रात असतो. तो साहेबाला, तलाठ्याला, दुकानदाराला, अगदी आपल्यालाही समोर ठेवून विचारता येतो: "असेच होते ना तुमच्याकडे?" आज्ञावलीची भाषा सामान्य माणसाला वाचता येत नाही. नकाशा वाचता येतो.

वाट न तपासल्याची किंमत

४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियान ५' हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत फुटले. त्यातल्या दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली जुन्या 'एरियान ४' वरून घेतली होती. नव्या अग्निबाणाचा मार्ग आणि वेग वेगळा होता. त्यामुळे एक आकडा इतका मोठा झाला की त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेत तो मावेना, आणि यंत्रणाच बंद पडली. चौकशी मंडळाने म्हटले की नव्या उड्डाणमार्गाचे आकडे देऊन ती यंत्रणा जमिनीवर तपासली असती तर हा दोष उघडकीला आला असता. म्हणजे पुन्हा तेच. जुन्या वाटेवर आज्ञावली पास होती, नव्या वाटेने तिला कोणी नेलेच नव्हते.

अग्निबाण लांबचे झाले. आपल्या दारातले पाहू. रत्नागिरी जिल्ह्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून विद्यापीठाने सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या वर. लावायचे निकाल ४७७. या कामाचा ठेका परीक्षा सुरू झाल्यावर दिला गेला. म्हणजे नव्या व्यवस्थेची छोट्या प्रमाणावर परीक्षा घ्यायला वेळच उरला नाही. कायद्याप्रमाणे पंचेचाळीस दिवसांत निकाल लागायला हवे होते. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही टळली. शेवटचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. कित्येकांच्या उत्तरपत्रिका सापडेनात, हजर असलेले विद्यार्थी गैरहजर दिसू लागले. पुढच्या प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

कुलगुरू गेले, पण ज्याच्या हातची नोकरी गेली तो पदवीधर मुलगा कोणाकडे दाद मागणार? कोकणातल्या मुलाला कलिन्याच्या एका फेरीला गाडीभाडे, एक रात्र आणि घरातल्या एकाची मजुरी मोजावी लागते.

या व्यवस्थेचा नकाशा काढला तर त्यात काय दिसेल? उत्तरपत्रिका गोळा केली, तिचे पान न् पान छायांकित केले, तिच्यावरची सांकेतिक खूण वाचली, ती योग्य विषयाच्या परीक्षकाकडे गेली, गुण दिले, गुण निकालात उतरले. आता फाटे पाहा. पुरवणी सुटली तर? खूण वाचता आली नाही तर? मराठी माध्यमाची उत्तरपत्रिका इंग्रजीच्या परीक्षकाकडे गेली तर? परीक्षकाने अर्धी तपासून संगणक बंद केला तर? यातला प्रत्येक फाटा चार-पाचशे उत्तरपत्रिकांवर आधी चालवून पाहता आला असता. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या गोंधळाला केवळ आज्ञावली कारण नव्हती. घाई होती, प्राध्यापकांचे प्रशिक्षण अपुरे होते. पण नकाशा समोर असता तर 'एवढ्या वेळात हे होणार नाही' हे वेळेवर कळले असते.

त्याच २०१७ साली राज्यातल्या शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी हे नवे पोर्टल आले आणि पहिल्याच वर्षी तांत्रिक अडचणींनी विद्यार्थी हैराण झाले. त्याच साली शेतकरी कर्जमाफीच्या ऑनलाइन याद्यांत अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक निघाला. दोन माणसांचा आधार क्रमांक एकच असू शकत नाही, ही साधी अट आराखड्याच्या पहिल्या पानावर यायला हवी. ती तिथे असती तर यादी मंत्रालयाच्या बाहेरही पडली नसती.

हे काम आपल्या देशात होते

ही पद्धत फक्त परदेशातल्या पुस्तकांत आहे असे समजू नका. मायक्रोसॉफ्ट कंपनीला अमेरिका व युरोपातील खटल्यांनंतर, आपले संगणक एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलतात याची हजारो पानांची कागदपत्रे जाहीर करावी लागली. ही कागदपत्रे आणि प्रत्यक्ष यंत्रणा जुळतात का, हे तपासण्याचे प्रचंड काम हैदराबाद आणि बीजिंग इथल्या तरुण-तरुणींनी केले. त्यातला बराच भाग आराखड्यावरून चाचणी करून झाला. जुन्या पद्धतीपेक्षा या पद्धतीने प्रत्येक नियमामागे सुमारे ४२ टक्के वेळ वाचला, असे कंपनीच्या तज्ज्ञांनी पुढे प्रसिद्ध केले.

आपल्या पुण्यात १९८१ साली टाटांचे संशोधन केंद्र उभे राहिले. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक मानले जाणारे फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने ते सुरू झाले. आधी आराखडा मांडायचा आणि त्यावरून आज्ञावलीच संगणकाकडून लिहून घ्यायची, अशी साधने या केंद्राने तयार केली. २०२० मध्ये कोहली वारले, पण आराखड्याला पहिला मान देण्याची ही शिस्त पुण्याच्या उद्योगात रुजली आहे.

नकाशा कोण काढतो?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आराखड्याची सगळी ताकद आराखडा काढणाऱ्याच्या माहितीत असते. जी वाट नकाशावर नाही, ती संगणकही चालत नाही. चाचणीने दोष आहेत हे दाखवता येते. दोष नाहीतच, असे सिद्ध करता येत नाही. शिवाय आराखडाच चुकला तर चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण पडते.

एक उदाहरण पुरे. अर्जात धर्माचा रकाना: बौद्ध. प्रवर्गाचा रकाना: अनुसूचित जाती. ही जोडी आपल्या लाखो घरांत आहे. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. आराखडा काढणाऱ्याला हा कायदा माहीत नसेल तर तो 'बौद्ध म्हणजे अल्पसंख्याक' एवढीच एक वाट काढील आणि दुसरी वाट बंद ठेवील. त्यात त्याचा दुष्टावा नसेल, अज्ञान असेल. पण दार तर आपल्याच मुलीवर बंद होईल. ज्याच्या घरात आजीचा अंगठा उमटत नाही, ज्याचा बाप नाका कामगार असल्याने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार दिवसांची मजुरी बुडवतो, ज्याने शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळे आणि आधारवर वेगळे हा छळ सोसला आहे, त्याला हे फाटे शिकवावे लागत नाहीत. ते त्याला पाठ असतात. म्हणून या कामाला आपल्या घरातली मुले-मुली गेली पाहिजेत. ती तिथे बसली तर नकाशा पुरा होईल.

मुलामुलींसाठी

या कामाला फार महागडी सामग्री लागत नाही. सुरुवात कागद-पेन्सिलीने करता येते. एस.टी.च्या तिकीट मशीनचा, बँकेच्या एटीएमचा, शाळेतल्या प्रवेशाचा नकाशा काढून पाहा. गोल म्हणजे ठिकाण, बाण म्हणजे वाट. प्रत्येक गोलापाशी विचारा: "इथून आणखी काय होऊ शकते?" अकरावी-बारावीचे गणित, विशेषतः संच, तर्क आणि शक्यता, मन लावून करा. रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या ठिकाणी पदविका करता येते. कला किंवा वाणिज्य शाखेची मुलेही चाचणीच्या कामात आली आहेत, कारण इथे नेमके प्रश्न विचारता येणे मोलाचे असते. 'ग्राफवॉकर' सारखी साधने मोफत मिळतात. आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय मंडळाची या विषयाची स्वतंत्र परीक्षा २०१५ पासून आहे.

एक इशारा पालकांना. 'तीन महिन्यांत टेस्टिंग, नोकरीची शंभर टक्के हमी' अशा पाट्या लावून हजारो रुपये घेणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. कर्ज काढून अशी फी भरू नका. आधी मुलाला घरी चार नकाशे काढू द्या, मोफत साधनावर चालवू द्या. त्याला त्यात गोडी वाटते का ते पाहा. मग पुढचा खर्च करा.

आणि आपण सर्वांनी

मशीन अडले की परत फिरू नका. कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी, कोणत्या पायरीवर अडले आणि पडद्यावर कोणती अक्षरे आली, ते लिहून घ्या. शक्य तर मोबाईलवर फोटो काढा. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 'मशीन चालत नाही' अशा मोघम तक्रारीला मोघम उत्तर मिळते. 'अंगठा जुळला, नोंद झाली, रेंज गेली, पावती नाही, धान्य नाही' अशी तक्रार म्हणजे नकाशावरची नेमकी सुटलेली वाट असते. ती वाचून जाणता तंत्रज्ञ दोष शोधू शकतो. पुढच्या महिन्यात त्याच वाटेवर दुसऱ्या कोणाची आजी अडत नाही.

ग्रामसभेत, महाविद्यालयात, तहसील कचेरीत नवी ऑनलाइन व्यवस्था येणार असे कळले की एक प्रश्न उभे राहून विचारा: "ही लोकांवर लादण्याआधी कोणत्या कोणत्या प्रसंगांत तपासली, ती यादी दाखवता का?" यादी नसेल तर तपासणी झालेली नाही असे समजा. यादी असेल तर ती नीट वाचा, आपल्या घरचा प्रसंग तिच्यात आहे का ते पाहा, आणि नसेल तर तिथल्या तिथे लेखी भर घालायला लावा.